जेजुरीचा भंडारा आणि सेन्सरवरचे डाग: घरी केलेल्या सफाईचा अनुभव

३० डिसेंबर २०२४ ची सोमवती अमावस्या जेजुरीत टिपली. भंडारा उधळला जातो तेव्हा गडाच्या पायऱ्यांवर हवाच पिवळी होते, आणि त्या हवेत माझी दोनदा लेन्स बदलून झाली. कॅमेरा निकॉन डी७५०, म्हणजे फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) डीएसएलआर, ज्यात सेन्सरपुढे आरसा असतो. २ जानेवारीला फोटो लॅपटॉपवर उघडले तेव्हा एफ/१६ ला, म्हणजे लेन्सचं तोंड बरंच लहान ठेवून, घेतलेल्या मोकळ्या आभाळात करडे ठिपके दिसले. पुढच्या फ्रेममध्ये त्याच जागी, त्याच्या पुढच्या फ्रेममध्येही त्याच जागी. लेन्स वेगळी होती तरी जागा तीच.

जागा बदलत नाही, ही धूळ सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या फोटो टिपणाऱ्या भागावर, असल्याची पहिली खूण. लेन्सच्या पुढच्या काचेवर धूळ असली तर असे आखीव ठिपके उमटत नाहीत; फार तर उजेडासमोर चित्र थोडं धुरकट होतं. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारे कण तर फोटोत येतच नाहीत. ते आरशाच्या वर असलेल्या फोकसिंग स्क्रीनवर बसलेले असतात. ते काढायच्या नादात स्क्रीनला किंवा आरशाला स्वॅब (सफाईची कापडी टोकाची पट्टी) लावणारे बरेच जण आहेत. त्या दोन्ही गोष्टी सेन्सरच्या काचेपेक्षा कितीतरी नाजूक असतात आणि त्यांवरचा ओरखडा जात नाही. तिथे हवेची फुंकर पुरते, तीही हलकी.

डाग पिवळे का नाहीत, हा प्रश्न पडला होता. उत्तर साधं आहे. फोटोत दिसते ती धूळ नसते, धुळीची सावली असते. पिक्सेलच्या पुढे काचेचे पातळ फिल्टर असतात: इन्फ्रारेड अडवणारा, आणि डी७५० सारख्या कॅमेऱ्यात लो-पासही (बारीक नक्षीवर उमटणारे खोटे पट्टे टाळणारा). धूळ बसते ती या काचेच्या वरच्या पृष्ठभागावर, पिक्सेलपासून किंचित अंतर राखून. ट्यूबलाइटखाली बोट धरलं तर खाली पुसट सावली पडते, मोबाइलच्या टॉर्चसमोर धरलं तर ठळक पडते. तसंच इथे. एफ/२.८ ला प्रकाश रुंद तोंडातून येतो आणि सावली विरून जाते. एफ/१६, एफ/२२ ला तोच प्रकाश चिंचोळ्या वाटेने येतो आणि प्रत्येक कण उमटतो. म्हणून लग्नाचे, पोर्ट्रेटचे फोटो काढणाऱ्यांना वर्षानुवर्षं धूळ कळत नाही आणि निसर्गचित्रं टिपणाऱ्यांना दुसऱ्याच दिवशी कळते.

या माहितीने माझी निम्मी भीती गेली. आपण ज्याला हात लावणार ती काच आहे, सेन्सरची चिप नाही. उरलेली निम्मी भीती रास्त आहे, कारण त्या काचेवरच्या लेपाला कठीण कणाने ओरखडा पडू शकतो आणि मग अख्खा भाग बदलावा लागतो.

त्याच संध्याकाळी टेस्ट शॉट घेतला. पुढचं सगळं याच एका फोटोवर अवलंबून असतं, म्हणून नीट सांगते. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (एफचा आकडा आपण ठरवायचा, शटरचा वेळ कॅमेरा), एफ/२२, आयएसओ १०० (सेन्सरची संवेदनशीलता कमी), एक्स्पोजर एक स्टॉप वर, म्हणजे दुप्पट उजेड. ऑटोफोकस बंद. समोर पांढरी भिंत असेल तर लेन्स अनंतावर फिरवायची. आभाळाकडे रोखणार असाल तर सगळ्यात जवळच्या अंतरावर. मुद्दा हा की समोरचं काहीही फोकसमध्ये नको. शटर उघडं असताना कॅमेरा मुद्दाम थोडा हलवायचा. घरातल्या उजेडात एफ/२२ ला शटर बराच वेळ उघडा राहतो, त्यामुळे हलवायला वेळ मिळतो. भिंतीवरचे डाग, पोपडे सगळे फिसकटतात. धूळ सेन्सरबरोबरच हलते, म्हणून ती तेवढी जागेवर राहते. मग फोटो लॅपटॉपवर शंभर टक्के मोठा करून एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पाहायचा. लाइटरूममध्ये हीलिंगच्या साधनाखाली ‘व्हिज्युअलाइझ स्पॉट्स’ आहे, त्यात ठिपके पांढरे होऊन उठून दिसतात. ते नसेल तर गिंपसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये कॉन्ट्रास्ट भरपूर वाढवला तरी काम होतं.

माझ्याकडे साठच्या वर ठिपके निघाले. बहुतेक लहान आणि गडद. एक वाकडा तंतू, कापडाचा. आणि चार-पाच गोल, मधे फिकट आणि कडेला गडद कडं असलेले. हा शेवटचा प्रकार ओळखून ठेवा. असं कडं असलं की बहुधा तेलाचा किंवा वाळलेल्या थेंबाचा डाग असतो आणि तो हवेने जात नाही. जेजुरीत भंडाऱ्याबरोबर खोबरंही उधळतात. बोटं तेलकट झालेली असतात आणि त्याच बोटांनी आपण लेन्सची मागची टोपी काढतो. शटरच्या यंत्रणेतूनही तेलाचे बारीक थेंब उडतात. २०१२ मध्ये आलेल्या निकॉन डी६०० मध्ये धूळ-तेलाचे ठिपके इतके सर्रास दिसले की २०१४ च्या फेब्रुवारीत कंपनीने मोफत तपासणी, सफाई आणि शटर बदलून देण्याचं जाहीर केलं होतं. नव्या कॅमेऱ्यात असे ठिपके वारंवार आले तर आधी वॉरंटीचा विचार करा, स्वॅबचा नंतर.

४ जानेवारी, शनिवार. सगळ्यात सौम्य उपायापासून सुरुवात केली. कॅमेऱ्याच्या मेनूत ‘क्लीन इमेज सेन्सर’ आहे. त्यात काच अतिवेगाने थरथरते आणि सुटे कण खाली पडतात. ऑलिंपसने २००३ च्या ई-१ मध्ये ही सोय पहिल्यांदा आणली, नंतर जवळपास सगळ्यांनी घेतली. ही क्रिया करताना कॅमेरा टेबलावर तळ टेकवून सरळ ठेवायचा. मी पाच वेळा केली. नवा टेस्ट शॉट: साठाचे पन्नासेक झाले. भंडारा मुळात चिकट, त्यात थंडीतली कोरडी हवा आणि स्थिर विद्युत. थरथरण्याने एवढंच होणार.

मग ब्लोअर. रबरी रॉकेट ब्लोअर ५५० रुपयांना घेतला होता. नव्या ब्लोअरच्या आत कधी कधी पावडर असते, म्हणून आधी हवेत वीस-तीस वेळा दाबून रिकामा केला. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे तुषार काचेवर वाळतात आणि आजवर नसलेला डाग तयार होतो. कॉम्प्युटर साफ करायचा हवेचा डबाही नको. त्यातून कधी कधी गार द्रव उडतो आणि लेपावर थर बसतो.

सेन्सर उघडा करण्याची रीत डीएसएलआरला महत्त्वाची. ‘बल्ब’ वर (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं राहतं तो पर्याय) बटण दाबून धरायचं नाही. बोट सुटलं की शटरचा पडदा आणि आरसा खाली येणार, आणि मधे ब्लोअरचं टोक किंवा स्वॅब असला तर पडद्याची पाती वाकणार. सेटअप मेनूत ‘लॉक मिरर अप फॉर क्लीनिंग’ असतं, तेच वापरायचं. बॅटरी पुरेशी भरलेली नसेल तर निकॉनमध्ये हा पर्याय निवडताच येत नाही, आणि आरसा वर असताना बॅटरी उतरली तर बीप वाजतो, सेल्फ-टायमरचा दिवा लुकलुकतो आणि साधारण दोन मिनिटांनी पडदा बंद होतो. तो बीप ऐकला की हातातलं सगळं बाहेर काढायचं, “एवढं एकच करून” म्हणायचं नाही. काम संपल्यावर कॅमेरा बंद केला की आरसा आपोआप खाली येतो.

आरसा वर केला, कॅमेरा तोंड खाली करून डोक्याच्या उंचीवर धरला आणि खालून पंधरा-वीस जोरदार फुंकरा दिल्या. ब्लोअरचं टोक माउंटच्या (लेन्स बसते त्या जागेच्या) कड्याबाहेरच ठेवलं. आत घातलं तर एका झटक्यात काचेवर आपटू शकतं. एक मिनिट तसंच तोंड खाली धरून ठेवलं, म्हणजे उडालेली धूळ खाली पडते. हे सगळं तीन वेळा. त्याआधी बॉडी कॅप (लेन्स नसताना कॅमेऱ्याला लावायची टोपी), लेन्सची मागची टोपी आणि माउंटचं धातूचं कडं कोरड्या मायक्रोफायबरने पुसून घेतलं. माझ्या बॉडी कॅपच्या आतल्या खाचेत पिवळी रेघ होती. ती तशीच बसवली असती तर सगळा भंडारा परत आत गेला असता.

टेस्ट शॉट: एकोणीस. तंतू गेला होता. कड्याचे गोल डाग जिथल्या तिथे.

बऱ्याच जणांचं काम इथेच संपतं. उरलेले पाच-सहा ठिपके आभाळात नसतील, किंवा तुम्ही एफ/८ च्या पुढे जात नसाल, तर इथेच थांबावं. ओल्या सफाईत धोका कमी असला तरी शून्य नाही. माझे एकोणीसपैकी अकरा नेमके फोटोच्या वरच्या तिसऱ्या भागात होते, म्हणजे आभाळात. म्हणून पुढे जायचं ठरलं.

६ जानेवारीला एका अधिकृत सेवा केंद्रात फोन करून विचारलं. पद्धत अशी सांगितली: कॅमेरा स्वतः आणून द्यायचा, लेन्स, मेमरी कार्ड आणि पट्टा काढून, बॅटरी आणि बॉडी कॅप मात्र बरोबर. बिलाची प्रत असली तर बरं. सीरियल नंबर, तक्रार आणि बाहेरच्या ओरखड्यांची नोंद करून जॉबशीट बनते. तपासणीनंतर खर्चाचा अंदाज कळवतात आणि आपण होकार दिल्यावर काम सुरू होतं. पाच ते सात कामाचे दिवस, फुल फ्रेमसाठी जीएसटी धरून दीड हजाराच्या आसपास. धूळ वॉरंटीत बसत नाही. वावगं काहीच नाही, आणि ज्यांचा हात थरथरतो किंवा ज्यांना काचेवर ओरखड्याची शंका आहे त्यांनी हाच रस्ता धरावा. एक करा: देण्याआधी आणि घेताना, दोन्ही वेळा एफ/२२ चा टेस्ट शॉट काढा. काउंटरवरच मोठा करून बघता येतो. मी घरी करायचं ठरवलं ते खर्चामुळे नव्हे. धुळीचे फोटो दरवर्षी काढायचे असतील तर हे हाताला यायला हवं होतं.

७ जानेवारीला किट मागवलं: २४ मिलिमीटर रुंदीचे बारा स्वॅब आणि १५ मिलिलिटर द्रव, १,४५० रुपये. स्वॅबची रुंदी सेन्सरच्या उंचीइतकी हवी. फुल फ्रेम ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणून २४ चा. एपीएस-सी, म्हणजे त्याहून लहान सेन्सर, त्यासाठी १६ चा. रुंद स्वॅब लहान सेन्सरवर बसत नाही. अरुंद स्वॅबने दोन-तीन पट्टे मारावे लागतात आणि मधे रेघा राहतात. या सफाईच्या द्रवांत बहुधा अल्कोहोल असतं, कित्येकांत मिथेनॉल. ज्वलनशील म्हणून असं पार्सल विमानाने जात नाही, रस्त्याने येतं. मधे संक्रांत आली आणि हातात पडलं १५ तारखेला. घाई असेल तर आठवडाभर आधी मागवून ठेवा.

घरातलं काही चालेल का? सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन असतं, त्याचा थर राहतो. औषधाच्या दुकानातल्या स्पिरिटमध्ये पाणी असतं, त्याचे ओघळ वाळतात. चष्म्याचा स्प्रे, काचा पुसायचा निळा द्रव, कानाचे कापूस लावलेले बड्स, यांपैकी काहीही आत नेऊ नका. कापसाचे तंतू सुटतात आणि ते काढायला परत तेवढीच मेहनत.

१९ जानेवारी, रविवार, सकाळ. बॅटरी रात्रीच पूर्ण भरून ठेवली होती. सगळ्यात लहान खोली निवडली. अर्धा तास आधी फरशी ओल्या फडक्याने पुसली, पंखा बंद, खिडकी बंद, दार लोटलेलं. स्वेटर काढून सुती कुर्ता घातला, केस बांधले, हात साबणाने धुऊन कोरडे केले, क्रीम वगैरे काही नाही. टेबल पुसून मोकळं ठेवलं. वर वर्तमानपत्र किंवा टॉवेल अंथरायचा नाही, त्यांचे तंतू उडतात. द्रव ज्वलनशील आणि त्याची वाफ विषारी, म्हणून देवघरातलं निरांजन शांत झाल्यावरच बाटली उघडली आणि काम संपताच खिडकी उघडली. लहान मूल घरात असेल तर ही बाटली औषधांपेक्षाही उंच ठेवा.

टेस्ट शॉटवरून डागांचा नकाशा कागदावर काढला. इथे एक गोष्ट गोंधळात टाकते. लेन्स चित्र उलटं पाडते, म्हणून कॅमेरा सरळ धरून समोरून आत पाहिलं तर फोटोच्या वरच्या भागातले डाग सेन्सरवर खाली असतात. डावं-उजवं मात्र जसंच्या तसं. फोटोतला वरचा-डावा डाग सेन्सरवर खालच्या-डाव्या कोपऱ्यात शोधायचा.

आधी पुन्हा ब्लोअर. ही पायरी गाळू नका. सुटा कठीण कण काचेवर असताना ओला स्वॅब फिरवला तर तो कण स्वॅबखाली अडकून घासत जातो. ओरखडे बहुतेक असेच पडतात. मग कॅमेरा पाठीवर निजवला, तोंड वर. कपाळाला टॉर्च लावला होता, दोन्ही हात मोकळे राहतात. स्वॅबचं पाकीट फोडलं, दांडी धरली, टोकाला कुठेच हात नाही. मी त्याच्या कडेवर द्रवाचे तीन थेंब सोडले आणि लगेच सुरुवात केली.

दोन्ही चुका. २४ च्या स्वॅबला दोन थेंब पुरतात आणि ते कापडात पसरायला दहा सेकंद द्यावी लागतात. टोक दमट हवं, ओलं नव्हे. जास्त झालं तर द्रव काचेच्या कडेला साचतो, वाळताना ओघळ ठेवतो आणि फारच झालं तर कडेच्या फटीत शिरू शकतो.

फिरवण्याची रीत अशी. स्वॅब डाव्या कडेला अगदी टेकवायचा, जायच्या दिशेला किंचित कलता. शाईच्या पेनाने लिहिताना देतो तेवढाच दाब. टोकाचं कापड जरासं वाकलेलं दिसलं की पुरे. मग न थांबता, एकाच संथ गतीने उजव्या कडेपर्यंत. तीन-चार सेकंदांचं काम. मधे थांबलं की तिथे रेघ उमटते. उजव्या टोकाला उचलायचा, उलटा करायचा आणि दुसऱ्या, स्वच्छ बाजूने उजवीकडून डावीकडे परत. बस. तो स्वॅब संपला. कितीही स्वच्छ दिसला तरी दुसऱ्यांदा काचेला लावायचा नाही.

स्वॅब उजेडात धरला. एका बाजूच्या कडेवर सुईएवढी बारीक पिवळी रेघ होती, दुसऱ्या बाजूला तिची नुसती झाक. हळदीचा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतो. ब्लोअरने न हललेला भंडारा इथे सुटला तो त्यामुळेच. ती रेघ पाहिली आणि खांद्यांवरचा ताण उतरला.

कॅमेरा बंद केला, लेन्स लावली, टेस्ट शॉट घेतला. एकोणीसचे चार झाले होते, पण उजव्या कडेला पिसासारखा एक नवा ओघळ. तीन थेंबांची करणी. अशा वेळी घाबरून कोरड्या स्वॅबने घासायचं नाही. नवा स्वॅब, दोन थेंब, दहा सेकंद, पुन्हा तीच फेरी. ओघळ गेला. उरले तीन, त्यांतले दोन सेन्सरच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात, अगदी टोकाला. फेरी सुरू करताना स्वॅब कडेपासून मिलिमीटरभर आत टेकला जात होता, म्हणून तो कोपरा सुटत होता. तिसऱ्या स्वॅबला तो कडेला भिडवूनच सुरुवात केली आणि तिथला एक गेला.

दोन ठिपके राहिले. एफ/२२ ला दिसत होते, एफ/११ ला नाही. इथे मी थांबले. आणखी एक स्वॅब घ्यावासा वाटतो, पण सेन्सर उघडा असेपर्यंत वरून नवी धूळ पडतच असते आणि प्रत्येक फेरीचा काचेवर थोडा का होईना भार असतो. पूर्ण शून्य कधीच येत नाही. ब्लोअरपासून शेवटच्या टेस्ट शॉटपर्यंत पन्नास मिनिटं लागली. त्यांत सेन्सर उघडा होता जेमतेम सहा-सात मिनिटं.

मिररलेस वापरणाऱ्यांसाठी वेगळं थोडंच आहे. आरसा नसल्यामुळे लेन्स काढली की बऱ्याच मॉडेलांत सेन्सर समोरच असतो. काही मॉडेलांत कॅमेरा बंद केल्यावर शटरचा पडदा सेन्सरपुढे येतो. तो दिसला तर त्यावर ब्लोअर रोखू नका, आधी मेनूतून सेन्सर उघडा करा. बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) असेल तर सेन्सर तरंगता असतो, दाब पडला की सरकतो. घाबरायचं कारण नाही, पण दाब आणखी हलका ठेवा आणि आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये सफाईच्या वेळी कॅमेरा चालू ठेवायला सांगितलाय की बंद, ते आधी वाचा.

एकूण खर्च २,००० रुपये. ब्लोअर कायमचा आहे आणि बारांपैकी नऊ स्वॅब शिल्लक आहेत. तीनशेच्या वर फोटो आधीच डागाळलेले होते, ते लाइटरूममध्ये दुरुस्त केले. एका फोटोतले ठिपके हील केले आणि तीच दुरुस्ती बाकीच्या फ्रेम्सना सिंक केली. जागा तीच असल्यामुळे आभाळात ती चपखल बसते, माणसांच्या चेहऱ्यांवर आली तर तेवढी हाताने काढावी लागते.

२६ जानेवारीला बाहेर दोनेकशे फोटो काढून आल्यावर पुन्हा एफ/२२ चा शॉट घेतला. तीन नवे ठिपके होते. सफाई फसली असं वाटून किटचं पाकीट हातात घेतलं, पण आधी ब्लोअर लावला. आरसा शेकडो वेळा आपटल्यावर मिरर बॉक्सच्या कोपऱ्यांत दडलेली धूळ सुटून काचेवर येते. ओल्या सफाईनंतरच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत हे हमखास होतं. कॅमेरा तोंड खाली, दहा फुंकरा, एक मिनिट थांबणं. पुढच्या शॉटमध्ये पुन्हा तेच जुने दोन.